पाठचा भाऊ

६ एप्रिल

ताई,

वर काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतं ताई लिहिलंय. सात वर्षांनी पाकीट आलं म्हणून धसका घेऊ नकोस. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. होता, पण मीच काढून टाकला. हा पत्ता तू मागे एकदा पाठवलेल्या पाकिटावरचा. कुरिअरवाला म्हणाला उद्या पोचेल.

कामापुरतं लिहितोय. तू इतकी वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात काढलीस, तुला हे चटकन कळेल.

माझं काम तेच आहे. गच्च्यांची गळती बंद करायची आणि वरून पांढरा रंग मारायचा, म्हणजे खालच्या खोल्या तापत नाहीत. परवा शुक्रवारी एका मोठ्या गोदामाच्या गच्चीवर माझ्याकडच्या एका कामगाराला ऊन लागलं. चक्कर, उलटी असलं काही नाही. पाठ भाजली. मान, दोन्ही खांदे आणि कमरेपर्यंत सगळी पाठ. नव्या पांढऱ्या गच्चीवर ऊन खालूनही मारतं, त्यामुळे हनुवटीच्या खालची जागासुद्धा लाल झालीय. एरवी तिथे कुणाला ऊन लागत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी बर्फ घेतला आणि सरळ चोळला. ते बरोबर नव्हतं हे त्याच्या तोंडावरूनच कळलं. मग कुणीतरी टूथपेस्ट सांगितली. ती वाळून खडखडीत झाली आणि काढताना जीव नकोसा झाला, त्याचाही आणि माझाही. मग खोबरेल चोपडलं. तेलाने तर आग आत कोंडल्यासारखी झाली. आज सकाळी खांद्यांवर फोड आलेत, हरभऱ्याएवढे पाचसात, आणि एक चांगला लिंबाएवढा. तो फोडायचा का? सुई मी गॅसवर तापवून ठेवली आहे, पण हात होत नाही.

माणूस आपल्याच घरी ठेवलाय. हॉस्पिटलचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतो. आईच्या खाटेवर पालथा पडून असतो. त्याचं एक बरं आहे, लहानपणापासून पालथाच झोपतो, एक पाय खाटेबाहेर सोडून, त्यामुळे झोपेची फारशी अडचण नाही.

काय लावायचं, काय नाही, तेवढं लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मी


९ एप्रिल

ताई,

तुझा कागद काल दुपारी मिळाला. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये नुसत्या सूचना. नव्या नर्सला ड्युटी देताना लिहून देतात तशा. मी तो स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवलाय.

शेवटची ओळ मात्र मी घडी घालून आत दुमडली. ‘आईच्या खाटेवर पालथा पडणारा, एक पाय बाहेर सोडणारा कामगार मला एकच माहीत आहे. त्याचं नाव लिहायला तुझी शाई संपली होती का?’

टिल्लूच आहे. माझ्याकडे पाच वर्षं कामाला आहे, म्हणजे कामगार म्हटलं ते काही खोटं नाही. पण खरंही नाही, कळतंय मला. आपल्या पाठचा भाऊ, तू कडेवर वाढवलेला, आता एकतीस वर्षांचा आणि सहा फूट झाला तरी टिल्लूच. त्याचं नाव तुला लिहायला हात कचरला.

तू लिहिलं होतंस की एवढे फोड आणि अख्खी पाठ म्हणजे डॉक्टरला दाखवलंच पाहिजे, आणि अंगात ताप भरला, थंडी वाजली, बोलणं असंबद्ध झालं तर मग एक मिनिट थांबायचं नाही. वाचून मी तसाच उठलो आणि त्याला रिक्षात घातलं. सीटला पाठ लागू नये म्हणून तो सगळा रस्ता पुढे वाकून, समोरचा दांडा धरून बसला. खड्डा आला की डोळे मिटायचा. डॉक्टर बाईंनी लिंबाएवढा फोड पाहिला. तो कपड्याला घासून आपोआप फुटला होता. त्यावर न चिकटणारी पट्टी लावली, दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, एवढं कसं झालं? टिल्लू म्हणाला, गच्चीवर डोळा लागला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होतो.

आता तुझ्या कागदाप्रमाणे सगळं चाललंय. तेल, बर्फ, पेस्ट बंद. जुनी सुती चादर फाडून पंजाएवढे रुंद तुकडे केले, उकळून वाळवले. नळाच्या साध्या गार पाण्यात भिजवायचे, पिळायचे, हलकेच पसरायचे, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे, दिवसातून चारदा. कापड गरम झालं की बदलायचं. पहिलं कापड ठेवलं तेव्हा ते दोन मिनिटांत कोमट झालं. तव्यावर पोळपाटाचं फडकं टाकावं तसं. त्याच्या अंगात अजून एवढं ऊन शिल्लक होतं. पाणी दर तासाला देतो. पेला रिकामा झाल्याशिवाय हलत नाही. दही-भात, काकडी, कलिंगड खातो.

खालच्या औषधवाल्याकडे कोरफडीचं जेल मागितलं तर त्याने हिरवंगार, अत्तरासारखं घमघमणारं दिलं. लावल्याबरोबर टिल्लूने उशी दातात धरली. मी तसाच खाली गेलो आणि त्याच्याशी भांडलो. तो शांतपणे म्हणाला, साहेब, तुम्ही सुगंध नसलेलं मागितलंच नाही. मग त्याने रंग नाही, वास नाही असं दुसरं दिलं. ते मी फ्रिजमध्ये ठेवून लावतो. ते लावलं की त्याचे खांदे जरा खाली येतात.

कालपासून कातडी सुटायला लागलीय. आधी मानेवर पांढुरक्या कडा उठल्या, मग खांद्यावर. ताई, माझा जन्म जुने रंग खरवडण्यात गेला. रंगाची सुटलेली कड दिसली की माझं नख आपोआप तिच्याखाली जातं. काल तेच झालं. एक पापुद्रा चांगला चार बोटं लांब निघाला आणि शेवटी जिथे सुटला नव्हता तिथे ओढला गेला. खाली गुलाबी ओलं मांस आणि रक्ताचा एक थेंब. तो ओरडला नाही. खाटेबाहेर सोडलेल्या पायाची बोटं तेवढी वळली.

सुटणाऱ्या कातडीचं काय करायचं ते तुझ्या कागदावर नव्हतं, ते लिही. खाजही फार आहे. परवा भिंतीच्या कोपऱ्यावर पाठ घासताना मी त्याला धरलं.

कसं झालं ते विचारशील म्हणून लिहून टाकतो. रसायन सांडून त्याचा शर्ट भिजला, त्याने तो काढला आणि तसंच काम करत बसला. मी इमारतीच्या दुसऱ्या बाजूला होतो, मला कळलं नाही. मी मुकादम, लक्ष ठेवायला हवं होतं, एवढी चूक माझी.

माझ्याशी तो बोलत नाही. पाणी, नको, बास, एवढेच तीन शब्द. ऊन लागलेला माणूस चिडचिडा होतो म्हणतात.

तुझा भाऊ


१२ एप्रिल

ताई,

कागद मिळाला. पापुद्रे ओढायचे नाहीत, आपोआप गळू द्यायचे. लोंबणारा, मेलेला तुकडा असेल तर तेवढाच स्वच्छ कात्रीने कापायचा. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात, साबण नाही, घासणं नाही, पंचाने पुसायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लावायचं, कोरडं झाल्यावर नाही. कपडा सैल आणि सुती. खाज आली तर खाजवायचं नाही, ओलं फडकं ठेवायचं. हे सगळं पाठ झालंय. नखं मी मुळापर्यंत कापली, माझी आणि त्याचीही.

आता तुझा शेवटचा परिच्छेद. तू लिहितेस, ‘आठव्या वर्षी छातीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून टिल्लूने माझ्यासमोरही शर्ट काढलेला नाही. समुद्रावर सगळी पोरं उघडी पळायची आणि हा शर्ट घालून लाटेत शिरायचा. तो कामगारांच्या देखत आपण होऊन उघडा बसला, हे मला पटत नाही. आणि डोळा लागला असेल तर काम करत कसा होता? दोघांचं एक काय ते ठरवा.’

काल दिवसभर हे पत्र खिशात घेऊन फिरलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर भर दुपार होती. आता लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

शुक्रवारी सकाळी टेम्पोत टिल्लूने मला सांगितलं की ताईच्या हॉस्पिटलात देखभाल विभागात जागा निघाली आहे, ताईने शब्द टाकलाय, मी एक तारखेपासून जातो. मी विचारलं, ताईने तुला कधी सांगितलं? तर म्हणाला, आम्ही दर रविवारी बोलतो. सात वर्षं दर रविवारी, मी भाजी आणायला गेलो की. मी त्यावर हं म्हटलं. एवढंच. त्याला वाटलं, दादाने समजून घेतलं. इतका हलका झाला बिचारा की गच्चीवर साहित्य चढवताना शीळ घालत होता.

त्या गच्चीवर लिफ्टच्या खोलीचा वरचा स्लॅब आहे, आणखी पंधरा फूट उंच. कठडा नाही, जिना नाही, शिडी लावूनच चढायचं. साडेअकराला तो वर एकटा होता. रसायनाचा डबा कलंडला आणि शर्ट भिजला. ते अंगाला झोंबतं. त्याने वरून हाक मारली, दादा, शर्ट बदलायला खाली येतो. मी म्हटलं, ‘काढ आणि काम कर. तुझ्याकडे बघायला तिथे कोण येतंय?’

तो काय झाकतो ते तुला माहीत आहे, तसं मलाही माहीत आहे. म्हणूनच ते वाक्य निवडलं.

त्याने शर्ट काढला. थोड्या वेळाने म्हणाला, सावलीची जाळी अर्धी तरी वर दे. जाळी एकच होती आणि ती मी खालच्या गच्चीवर रंगाच्या पिंपांवर ताणली होती. उन्हात रंग घट्ट होतो. मी म्हटलं, जाळी मोकळी नाही.

मग मी शिडी काढली. दुसऱ्या बाजूला पावसाच्या पाइपाचं तोंड बघायचं होतं, हे खरं आहे. त्याला दहा मिनिटं लागत होती, हेही खरं आहे. शिडी मी तिकडे चार तास ठेवली.

जेवायच्या वेळी दोघा कामगारांनी विचारलं, टिल्लूशेठ कुठे? मी म्हटलं, घरी गेला. ते खालच्या मजल्यावर जेवायला गेले. मी गच्चीवरच जेवलो, पिंपांच्या मध्ये, जाळीच्या सावलीत. तो हाका मारत होता. आधी ‘दादा, शिडी’. मग नुसतंच ‘दादा’. त्याचा फोन खाली पिशवीत होता, तोही एकदा वाजला. मग हाका बंद झाल्या, आणि ताई, तेव्हा मला बरं वाटलं. हे मी कुणालाही सांगणार नव्हतो. हाका ऐकू येत नव्हत्या अशातला भाग नाही. मला नीट ऐकू येत होत्या.

साडेतीनला शिडी लावली. तो गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावर रंगाच्या खोक्याचा पुठ्ठा धरून बसला होता. म्हणून तोंड वाचलं आणि सगळं पाठीवर घेतलं. एकेक पायरी करत स्वतःच उतरला. मी हात पुढे केला तो त्याने पाहिला नाही, किंवा पाहिला असेल. नळाखाली जाऊन बसला. मी रसायनाचे डबे मोजत राहिलो, जणू तेच राहिलं होतं.

तर हे असं आहे. माझा राग तुला माहीत आहे. मी ओरडत नाही, आदळआपट करत नाही, लोक मला शांत म्हणतात. मी नुसतं काहीतरी काढून घेतो आणि बघत बसतो.

लिहायलाच बसलोय तर दुसरंही लिहितो. आई गेली त्या मंगळवारी मी तुला फोन लावलाच नव्हता. लागत नाही, बंद येतोय, असं सगळ्यांना सांगितलं आणि बुधवारी सगळं उरकल्यावर संध्याकाळी तुला कळवलं. तू विचारलंस, काल का नाही? मी म्हटलं, लागत नव्हता. मंगळवारी सकाळी सहापासून फोन माझ्या हातात होता. तू आईला टाकून लग्न करून गेलीस असं मी चारचौघांत म्हणत होतो. त्याच्या आधीची दोन वर्षं तिचं अंथरूण, औषध, केस विंचरणं सगळं तू एकटीने केलंस, ते कुणी बोललं की मी विषय बदलायचो.

हे वाचून काय करायचं ते तू ठरव. मला माफी वगैरे मागायचं तोंड नाही. मागितली तर तीही तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखी होईल.

दादा. तू मला कधी दादा म्हटलं नाहीस, मीच धाकटा तुझ्याहून. पण त्या दिवशी हेच नाव ऐकू येत होतं, म्हणून लिहिलं.


१३ एप्रिल

ताई,

हे दोन ओळींचं. कालचं पत्र टाकून घरी आलो आणि तासाभराने परत कुरिअरच्या दुकानात गेलो. म्हटलं, पाकिटात एक कागद चुकून गेलाय, परत द्या. तो म्हणाला, गाडी गेली. मी म्हटलं, गाडी कुठवर गेली असेल? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी शेपूट घालून परत आलो.

तुला खोटं वाटू नये म्हणून सांगतो. ते पत्र मी धीर करून लिहिलं हे खरं, पण परत मिळालं असतं तर फाडलंही असतं.

त्याला ताप नाही. पू नाही. खांद्यावरचे पापुद्रे आपोआप गळताहेत.


१५ एप्रिल

ताई,

तुझं एका ओळीचं उत्तर काल सकाळी मिळालं. ‘हे मला कशाला सांगतोस? ज्याच्या पाठीवर आहे त्याला सांग.’

आईबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. ते मला समजलं.

दुपारी त्याची आंघोळ झाली. अंग टिपून तो खाटेवर पालथा पडला आणि मी मॉइश्चरायझर लावायला बसलो. त्याचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणून मला बोलता आलं. तोंड माझ्याकडे असतं तर आलं नसतं, हेही लिहून ठेवतो.

मी म्हटलं, ‘टिल्लू, त्या दिवशी मला ऐकू येत होतं.’

मी मानेपासून खाली लावत राहिलो. तू सांगितलंस तसं, चोळायचं नाही, बोटांनी पसरायचं. कमरेपर्यंत आलो तेव्हा तो म्हणाला, ‘माहीत आहे. तू वर पाहिलं होतंस. दोनदा.’

ताई, मी जेवताना वर पाहिलं होतं हे मलाच आठवत नव्हतं. किंवा आठवायचं नव्हतं. दहा दिवस मी ज्या गोष्टीवर पांघरूण घालत होतो ती त्याने वरून बघितलेली होती.

विचारलं, ‘मग डॉक्टरांना डोळा लागला म्हणून का सांगितलंस?’

‘काय सांगू? माझ्या भावाने शिडी काढली? मला लाज वाटली.’

‘तुला कसली लाज?’

‘तुझी.’

एवढंच म्हणाला. आवाज चढवून नाही, सहज. जी लाज माझ्या वाटणीची होती ती हा दहा दिवस पाठीवर घेऊन पालथा पडला होता, आणि मी वर त्याच्यावर मलम लावून स्वतःला भला माणूस समजत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडू आलं तर त्यालाच माझी समजूत काढावी लागेल, म्हणून रडलो नाही. हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेलो आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला. परत आलो तर तो उठून बसला होता. शर्ट नव्हता अंगात. छातीवरची ती लांब खूण इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा उजेडात पाहिली. त्याने झाकायची घाई केली नाही. म्हणाला, उरलेलं खांद्यावर लाव, तिथे ओढतंय.

आज सकाळी कामावर गेलो आणि दोघांना सांगितलं. तो घरी गेला नव्हता, वर होता, शिडी मी काढली होती. धाकट्या कामगाराने मान खाली घातली. थोरला, ज्याला आम्ही काका म्हणतो, तो सिमेंट कालवत होता. कालवायचा थांबला नाही. म्हणाला, ‘मुकादम, शिडी पलीकडे पडलेली आम्हाला दिसली होती. आम्ही जेवलो आणि गप्प बसलो. कामावर तुम्ही घेता ना.’

थोड्या वेळाने काका उठला, पिंपांवरची जाळी सोडवली आणि जिथे ते दोघं काम करत होते तिथे बांधली. मला विचारलं नाही. मी पिंपांवर ओली पोती टाकली. रंग दिवसभर पातळ राहिला. पाच वर्षांत ओली पोती टाकायचं मला सुचलं नव्हतं असं मी म्हणणार होतो. पण सुचलं होतं. आणायचा कंटाळा केला होता.

टिल्लू रविवारी तुझ्याकडे निघतोय. त्याने मला विचारलं नाही, कळवलं. बरोबर केलं.


१९ एप्रिल

ताई,

हे पत्र तो स्वतःच घेऊन येईल, म्हणून त्याच्याबद्दल जपून लिहितो. पाकीट चिकटवलेलं नाही. त्याला वाचायचं तर वाचू दे.

पिशवी खांद्याला सोसत नाही, म्हणून चाकाची बॅग दिली. कपडे सगळे पूर्ण बाह्यांचे, सुती, एक नंबर मोठे घेतलेत. टोपी मागच्या बाजूला पडदा असलेली आहे. त्याने ती आरशात बघितली आणि म्हणाला, यात मी मधमाश्या पाळणारा दिसतो. पंधरा दिवसांत त्याने माझ्यासमोर केलेला हा पहिला विनोद. मी हसलो नाही, हसलो असतो तर बंद केला असता.

बस सकाळची आहे. डावीकडच्या खिडक्यांना दुपारपर्यंत ऊन येतं, म्हणून मी काल स्टँडवर जाऊन उजवीकडची सीट बदलून घेतली. तिकीट देणारी बाई म्हणाली, सगळ्यांना उजवीकडचीच पाहिजे असते, तुमचंच काय एवढं? मी म्हटलं, माझ्या भावाची पाठ भाजली आहे. तिने विचारलं, कशाने? मागे मोठी रांग होती. मी सांगितलं, माझ्यामुळे. तिने सीट दिली आणि पुढे काही विचारलं नाही.

आज चहा पिताना तो म्हणाला, ‘दादा, मी परत येईन असं धरून चालू नकोस.’ एरवी मी यावर दहा गोष्टी बोललो असतो. धंदा, घर, आईची खाट, लोक काय म्हणतील. मी बरं म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. बहुतेक आता मी काय काढून घेतोय याची वाट बघत होता. मी त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला, तर त्याने कप बाजूला सरकवला. बास म्हणाला.

तुझ्याकडे मी येणार नाही. बोलावल्याशिवाय नाही. तू बोलावशील असंही धरून चालत नाही. आई गेली त्या मंगळवारी काय काय झालं, ती सकाळी कशी होती, शेवटी काय म्हणाली, हे सगळं मी वेगळ्या कागदावर, वेळेसकट लिहून याच पाकिटात ठेवलंय. सात वर्षं उशीर झालाय. वाचायचं तेव्हा वाच.

आता पाठीचं सांगतो, उद्यापासून ती तुझ्याकडे आहे.

मान बरी झाली. खांद्यांवरची जुनी कातडी सगळी गेली. नवी गुलाबी आहे, चकाकते, आणि तिला ऊन अजिबात चालणार नाही, कितीतरी आठवडे. तू हे जाणतेसच, पण मी रोज बघतोय म्हणून लिहितो. फुटलेल्या फोडाची जागा कोरडी झालीय, पट्टी परवाच काढली. तिथे डाग राहील असं डॉक्टर बाई म्हणाल्या. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे. आंघोळीनंतर लगेच लावायचं. उशीर झाला तर ओढ बसते आणि तो खांदे उडवायला लागतो. खांदे उडवले की ओळखायचं.

कमरेच्या वर, डावीकडे, तळहाताएवढी जागा अजून सुटतेय. तिथे त्याचा हात पोचत नाही. तिथे लावू का, असं विचारू नकोस, तो नाही म्हणेल. तू सरळ लाव. तो आपण होऊन मागणार नाही. त्याने एकदा मागून पाहिलंय.